झाकली मूठ, उडती तबकडी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या वाळवंटी भागातून, दोन वर्षांच्या अंतराने, लष्कराची दोन प्रसिद्धिपत्रके निघाली. पहिले जुलै १९४५ मधले. १६ तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमारास तिथले आकाश दुपारसारखे उजळले. शेकडो किलोमीटरवरच्या लोकांना तो प्रकाश दिसला, दूरदूरच्या घरांच्या खिडक्या थरथरल्या. अलामोगोर्डोच्या हवाई तळाने वर्तमानपत्रांना कळवले, की दारूगोळ्याच्या एका कोठाराचा स्फोट झाला आहे. जीवितहानी नाही, कोणाला इजाही नाही. प्रत्यक्षात तो जगातला पहिला अणुस्फोट होता, ‘ट्रिनिटी’ चाचणी.

दुसरे पत्रक ८ जुलै १९४७ चे, तिथून दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या रॉझवेल तळाचे. जवळच्या एका गुरांच्या कुरणात सापडलेली ‘उडती तबकडी’ तळाने ताब्यात घेतली आहे, असे त्यात म्हटले होते. काही तासांतच टेक्सासमधल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने खुलासा केला, की तबकडी वगैरे काही नाही, तो हवामानाची नोंद घेणारा साधा फुगा आहे. हा खुलासाही पूर्ण खरा नव्हता.

दोन्ही पत्रकांचे पुढचे नशीब मात्र वेगवेगळे निघाले. रॉझवेलची जगभर दंतकथा झाली. तिथे आज तबकड्यांचे संग्रहालय आहे, दर उन्हाळ्यात उत्सव भरतो, त्यावर पुस्तके आणि चित्रपट निघतच असतात. ट्रिनिटीच्या आसपास राहणाऱ्या, त्या पहाटेनंतर दिवसचे दिवस किरणोत्सारी धूळ अंगावर घेणाऱ्या कुटुंबांना मात्र सरकारी नुकसानभरपाईच्या कायद्यात जागा मिळायला २०२५ साल उजाडावे लागले.

उडत्या तबकड्यांबद्दल सरकारने जे काही दडवले आहे ते सारे जनतेसमोर ठेवावे, ही मागणी अमेरिकेत काही वर्षांपासून जोर धरते आहे. संसदेच्या समित्यांपुढे साक्षी होत आहेत, विधेयके येत आहेत. ही मागणी रास्त आहे. मात्र ती ज्या कारणासाठी केली जाते आणि ज्या उत्तराची वाट पाहिली जाते, ते दोन्ही तपासून घ्यायला हवे. त्यासाठी ही दोन पत्रके शेजारी ठेवून पाहण्याइतका चांगला मार्ग नाही.

फुग्याआडचा फुगा

रॉझवेलच्या कुरणात जे सापडले ते होते फाटके रबर, चांदीसारखा वर्ख चढवलेला कागद, हलक्या लाकडाच्या काड्या आणि चिकटपट्टी. हे अवशेष फुग्याचेच होते, पण तो रोजचा हवामानाचा फुगा नव्हता. ‘प्रोजेक्ट मोगल’ नावाचा एक अतिगोपनीय प्रकल्प त्या काळी चालू होता. वातावरणाच्या वरच्या भागात असा एक थर असावा, की ज्यातून आवाज हजारो किलोमीटर प्रवास करू शकेल, असे शास्त्रज्ञांचे अनुमान होते. रशियाने अणुबॉम्बची चाचणी घेतली तर तिचा आवाज तिथे ऐकू येईल, या आशेने वीस-बावीस फुग्यांची लांबलचक माळ करून तिला ध्वनिग्राहक टांगले जात. ही माळ अलामोगोर्डोहून सोडली जाई. ती रडारवर दिसावी म्हणून तिला वर्खाचे परावर्तक जोडलेले असत आणि ते चिकटवायला खेळण्यांच्या कारखान्यातली फुलाफुलांची नक्षी असलेली पट्टी वापरलेली होती. पुढे दंतकथेत ती फुले परग्रहावरची लिपी ठरली.

हे सारे हवाई दलाने अधिकृतपणे सांगितले ते १९९४ मध्ये, म्हणजे तब्बल ४७ वर्षांनी. तेही आपण होऊन नव्हे. न्यू मेक्सिकोचे खासदार स्टीव्हन शिफ यांनी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे विचारणा केली, तेव्हा फायली हलल्या. त्या कार्यालयाने १९९५ मध्ये दिलेल्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली. रॉझवेल तळावरून त्या काळात पाठवलेल्या संदेशांच्या प्रती नष्ट झालेल्या होत्या आणि त्या कोणी, कोणत्या अधिकाराने नष्ट केल्या, याचा पत्ता लागला नाही. संशय घेणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे मराठीत म्हणतात. मुठीत काय आहे हे कळत नाही तोवर तिची किंमत बघणाऱ्याच्या कल्पनेइतकी वाढत जाते. मोगलची मूठ १९५० मध्ये उघडली असती, तर आत रबर आणि काड्या निघाल्या असत्या. रशियाने पहिली अणुचाचणी ऑगस्ट १९४९ मध्ये केली आणि अमेरिकेला तिचा सुगावा लागला तो विमानाला लावलेल्या गाळण कागदांवर जमलेल्या किरणोत्सारी धुळीमुळे. म्हणजे ज्या कामासाठी मोगल गुप्त ठेवला गेला, ते काम त्यानंतर दोन वर्षांतच दुसऱ्या पद्धतीने झाले होते. तरीही मूठ झाकलेलीच राहिली आणि तिच्यात लोकांनी परग्रहवासी भरले.

नंतरच्या वीस वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा १२,६१८ घटनांची नोंद झाली होती. त्यांतल्या ७०१ घटनांचा उलगडा झाला नव्हता. पण उलगडा झालेल्या घटनांचेही लोकांना सांगितलेले कारण नेहमी खरे होते असे नाही. १९५५ पासून ‘यू-२’ हे हेरगिरीचे विमान उडू लागले. ते साठ हजार फुटांच्या, म्हणजे अठरा किलोमीटरच्याही वर जाई. त्या काळची प्रवासी विमाने याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या उंचीवरून जात. संध्याकाळी खाली अंधार पडला तरी वर उन्हे असत आणि यू-२ चे चंदेरी पंख त्यात झळकत. इतक्या उंचीवर माणसाचे विमान असू शकते हेच वैमानिकांना ठाऊक नव्हते. ते तळमळीने कळवत राहिले, आणि ब्लू बुकचे अधिकारी गुपचूप यू-२ च्या उड्डाणांची वेळ ताडून पाहून, पत्र लिहिणाऱ्याला भलतेच काही कारण देत राहिले. १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक यांतल्या निम्म्याहून अधिक तक्रारी अशा टेहळणी विमानांमुळे होत्या, असा दावा सीआयएच्याच इतिहासात आहे. हे प्रमाण फुगवलेले आहे, असे काही अभ्यासकांना वाटते. पण सरकारी यंत्रणेने खरे माहीत असूनही खोटे उत्तर दिले, हे तर तिचेच म्हणणे आहे.

यातला सर्वांत मोठा तोटा विज्ञानाचा झाला. १९५३ च्या जानेवारीत सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. तबकड्यांपासून देशाला थेट धोका दिसत नाही, असे या समितीने म्हटले. तिला काळजी वाटली ती तक्रारींच्या पुराची. खऱ्या हल्ल्याच्या वेळी संदेशयंत्रणा अशा बातम्यांनीच तुंबून जाईल, म्हणून या विषयातली गूढता काढून टाकावी, लोकांचा त्यातला रस कमी करावा, अशी शिफारस तिने केली. विचार व्यवहारी होता. पण गूढता काढून टाकायची तर माहिती द्यावी लागते. माहिती दडवून ठेवली आणि रस दाखवणाऱ्याची टर उडवली. परिणामी आकाशात काही विचित्र दिसले, असे म्हणणारा वैमानिक हास्यास्पद ठरू लागला आणि पुढे कित्येक वैमानिकांनी तोंड उघडणेच सोडले. २०२३ मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने जो अहवाल दिला, त्यात या बदनामीच्या भीतीला चांगल्या माहितीच्या आड येणारी एक मुख्य अडचण म्हटले आहे.

आकडे पुसलेली चित्रफीत

सध्याची लाट सुरू झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. पेंटागॉनमध्ये २.२ कोटी डॉलर खर्चून अज्ञात उडत्या वस्तूंचा अभ्यास गुपचूप केला जात होता, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. त्यासोबत नौदलाच्या विमानांनी टिपलेल्या चित्रफितीही बाहेर आल्या. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी संसदेला दिलेल्या प्राथमिक अहवालात १४४ नोंदी होत्या. त्यांतल्या एकीचाच उलगडा खात्रीने झाला होता. तो हवा निघालेला मोठा फुगा होता. २०२३ च्या जुलैमध्ये गुप्तचर विभागाचे माजी अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले, की कोसळलेली परकी याने आणि ‘मानवेतर’ जैविक अवशेष सरकारकडे आहेत, असे आपल्याला माहीतगार लोकांकडून कळले आहे. त्यांनी स्वतः ते पाहिलेले नव्हते आणि पुरावा म्हणून कोणतीही वस्तू किंवा कागद समितीच्या खुल्या बैठकीत आला नाही.

याच वर्षी चक शूमर आणि माइक राउंड्स या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी एक तरतूद मांडली. केनेडी यांच्या हत्येची कागदपत्रे खुली करण्यासाठी १९९२ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर एक स्वतंत्र मंडळ नेमावे आणि त्याने तबकड्यांविषयीच्या फायली तपासून खुल्या कराव्यात, अशी ती होती. वर्षअखेरीस कायदा झाला तेव्हा ते मंडळ गळाले होते. राष्ट्रीय अभिलेखागारात अशा कागदपत्रांचा संग्रह करावा, एवढे उरले. पेंटागॉनने या घटनांसाठी २०२२ मध्ये वेगळे कार्यालय काढले होते. त्या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या सरकारी चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला आणि परग्रहावरची याने सरकारकडे असल्याचा कोणताही पुरावा सापडला नाही, असा निष्कर्ष काढला. ज्यांच्यावर आरोप, त्यांनीच चौकशी केली आणि त्यांनीच स्वतःला निर्दोष ठरवले, अशी त्यावर टीका झाली. टीका बिनबुडाची म्हणता येणार नाही. निष्कर्ष बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. पण तो लोकांनी केवळ विश्वासावर मान्य करावा, इतका विश्वास या यंत्रणेने राखलेला नाही.

मग नेमके काय दडवले जाते? या प्रश्नाचे उत्तर ‘गो फास्ट’ नावाने प्रसिद्ध झालेल्या एका चित्रफितीतून मिळते. तिच्यात एक फिकट ठिपका समुद्रावरून भन्नाट वेगाने जाताना दिसतो. पाहणारा थक्क होतो. पण या चित्रफितीच्या कडेला विमानाची उंची, वेग, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचे अंतर हे आकडे छापलेले आहेत. नासाच्या अभ्यासगटाने ते आकडे घेऊन शाळेत शिकवतात त्या त्रिकोणमितीने हिशेब मांडला. वस्तू समुद्राला लागून जात नव्हती, ती सुमारे चार किलोमीटर उंचीवर होती आणि तिचा वेग ताशी चाळीस मैलांच्या, म्हणजे पासष्ट किलोमीटरच्या आसपास होता. इतका तर त्या उंचीवर वारा वाहतो. धावत्या आगगाडीतून पाहताना जवळची झाडे मागे पळतात, तसाच हा वेगवान विमानातून पाहण्याचा परिणाम होता.

ती वस्तू काय होती, हे या हिशेबाने कळत नाही. पण ती अचाट वेगाने जात नव्हती, एवढे निश्चित कळते, आणि ते कळले ते आकडे उघड होते म्हणून. लष्कराला सहसा हेच आकडे उघड करायचे नसतात. कॅमेरा किती दूरचे टिपतो, रडार किती लहान वस्तू पकडते, विमान कुठे गस्त घालत होते, हे शत्रूला कळू नये ही त्यांची चिंता असते. ती चुकीची नाही. पण यामुळे जनतेच्या हाती येते ती आकडे पुसलेली, धूसर चित्रफीत. तिच्यातून कोणताही शास्त्रज्ञ काहीही सिद्ध करू शकत नाही आणि कोणताही कल्पक माणूस हवे ते पाहू शकतो.

उपकरणच नीट माहीत नसेल तर जाणकारांचाही कसा गोंधळ होतो, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसले. चीनचा टेहळणी फुगा अमेरिकेवरून तरंगत गेल्यावर हवाई संरक्षण दलाने रडारच्या गाळण्या सैल केल्या. एरवी पक्षी आणि ढग वगळण्यासाठी हळू जाणाऱ्या वस्तू रडार दाखवतच नाही. गाळणी सैल होताच पडद्यावर नव्या वस्तू दिसू लागल्या आणि तीन दिवसांत तीन वस्तू लाखो डॉलरची क्षेपणास्त्रे सोडून पाडल्या गेल्या. त्या बहुधा खासगी किंवा संशोधनाच्या फुग्यांसारख्या निरुपद्रवी वस्तू असाव्यात, असे अध्यक्ष बायडेन यांनी नंतर सांगितले. आकाशात त्या आठवड्यात नवे काही आले नव्हते. पाहण्याची रीत बदलली होती.

धुळीचे गुपित

आता पहिल्या पत्रकाकडे वळू. कारण सरकारी गुप्ततेने माणसाच्या शरीराचे काय होते, याचे उत्तर रॉझवेलमध्ये नाही, ट्रिनिटीत आहे.

ट्रिनिटीच्या जागेपासून जेमतेम वीस किलोमीटरवर माणसे राहत होती. त्यांतली बहुतेक छपरावरचे पावसाचे पाणी साठवून पीत, घरची भाजी खात, घरच्या गाईशेळ्यांचे दूध काढत. स्फोटानंतर पांढुरकी राख पडली ती याच छपरांवर, याच चाऱ्यावर. त्यांना आधी सूचना दिली नाही, नंतर हलवले नाही. दारूगोळ्याचे कोठार उडाले, एवढेच त्यांना ठाऊक. हिरोशिमानंतर स्फोटाचे गुपित जगाला कळले, पण धुळीचे गुपित तसेच राहिले.

ते गुपित एका कंपनीने मात्र लगेच हेरले. १९४५ च्या शरद ऋतूत कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके उमटू लागले. कंपनीचे भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी शोध घेतला, तेव्हा दोष वेष्टनाच्या पुठ्ठ्यात निघाला. पुठ्ठा बनला होता इंडियाना राज्यातल्या एका गिरणीत, ट्रिनिटीपासून हजार मैलांहून दूर. गिरणी नदीचे पाणी वापरत होती आणि त्या पाण्यात अणुस्फोटातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये आली होती. १९५१ मध्ये नेवाडात चाचण्या सुरू झाल्या आणि कोडॅकच्या गावात, रॉचेस्टरला, किरणोत्सारी बर्फ पडला. कंपनीने तक्रार करताच अणुऊर्जा आयोगाने फिल्म बनवणाऱ्यांना पुढच्या चाचण्यांची आगाऊ माहिती देण्याचे मान्य केले.

फिल्म वाचली. दुधाचे काय? अणुस्फोटातून बाहेर पडणारे आयोडीन-१३१ चाऱ्यावर पडते, गाईच्या पोटात जाते, दुधात उतरते आणि ते पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. मुलाची ग्रंथी लहान आणि त्याचे दूध पिणे जास्त, म्हणून त्याला मोठ्या माणसाच्या कितीतरी पट मात्रा मिळते. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. अडीच-तीन महिन्यांत ती हजारावा भाग उरते. म्हणजे चाचणीनंतर काही आठवडे मुलांना ताज्या दुधाऐवजी दुधाची भुकटी द्या, गाईंना साठवलेला चारा घाला, एवढी सूचना पुरेशी होती. तिला ना पैसा लागत होता, ना नवे औषध. लागत होती ती कबुली, की धूळ दूरवर जाते आणि ती घातक आहे.

धूळ दूर जाते हे सरकारला माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. रशियाचा बॉम्ब त्यांनी प्रशांत महासागरावर पसरलेल्या धुळीवरूनच तर ओळखला होता. नेवाडाच्या परिसरातल्या लोकांना मात्र धोका नाही असे पुनःपुन्हा सांगितले गेले. या आयोडीनचा हिशेब मांडावा, असे अमेरिकी संसदेने १९८२ मध्ये सांगितले. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अहवाल १९९७ मध्ये आला. त्याची छाननी करणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीने, नेवाडातल्या चाचण्यांमुळे थायरॉइडच्या कर्करोगाचे सुमारे ११ हजार ते २ लाख १२ हजार जास्तीचे रुग्ण होऊ शकतात, असा अंदाज दिला. या दोन आकड्यांमधली दरी हीच मुळी गुप्ततेची किंमत आहे. वेळच्या वेळी दूध तपासले असते, नोंदी ठेवल्या असत्या, तर इतका ढोबळ अंदाज बांधायची वेळ आली नसती.

नुकसानभरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला. त्यात नेवाडाच्या चाचण्यांचा फटका बसलेले काही जिल्हे होते, पण जिथे पहिला स्फोट झाला त्या न्यू मेक्सिकोतले रहिवासी नव्हते. त्यांना २०२५ च्या जुलैत, ट्रिनिटीला ऐंशी वर्षे होत असताना, कायद्याने सामावून घेतले. तोवर १९४५ मध्ये दूधपित्या वयात असलेली मुले ऐंशी वर्षांची झाली होती. जी हयात होती ती.

तबकड्यांच्या मागणीतला धोका इथे दिसतो. गुप्ततेविरुद्धचा लोकांचा राग खरा असतो, अनुभवातून आलेला असतो. पण तो चमकदार गोष्टीमागे धावला, की सरकारला ते सोयीचेच ठरते. परग्रहवासी नाहीत असे म्हणणे कोणत्याही प्रवक्त्याला सोपे जाते, कारण ते बहुधा खरे असते. दुधातल्या आयोडीनबद्दल विचारले असते, तर उत्तर इतके सोपे नव्हते.

खुलेपणा कसा असतो

खुलेपणाने हा विषय हाताळता येतो, याची उदाहरणे आहेत. फ्रान्सने १९७७ मध्येच तबकड्यांच्या तक्रारी लष्कराऐवजी आपल्या अंतराळ संस्थेकडे सोपवल्या. २००७ मध्ये त्या संस्थेने आपले दप्तर इंटरनेटवर खुले केले. उलगडा झालेल्या आणि न झालेल्या घटना वर्गवारी करून तिथे ठेवल्या आहेत, कोणीही पाहाव्यात. ब्रिटनने २००८ ते २०१३ या काळात संरक्षण खात्याच्या या विषयावरच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारातून प्रसिद्ध केल्या. त्यात यान निघाले नाही, कोणाची सुरक्षाही धोक्यात आली नाही.

भारतालाही या गोष्टीचा अनुभव आहे. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये चीनच्या सीमेवरच्या जवानांना रात्री दोन तेजस्वी वस्तू आकाशात सरकताना दिसत. काही महिन्यांत ३२९ नोंदी झाल्या, त्यांतल्या १५५ भारतीय हद्दीत घुसखोरी झाल्याच्या होत्या. चीनची ड्रोन असावीत, असा संशय होता. दोन देशांमध्ये तणाव असताना असा संशय किती महाग पडू शकतो, हे सांगायला नको. लष्कराने हा प्रश्न फायलीत बंद न करता भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांकडे नेला. जवानांनी वेळ आणि दिशा नोंदवायची, शास्त्रज्ञांनी ती ग्रहताऱ्यांच्या स्थानांशी ताडून पाहायची. २०१३ मध्ये बातमी आली, की त्या वस्तू म्हणजे शुक्र आणि गुरू होते. विरळ, स्वच्छ हवेत ते इतके ठळक दिसत होते की अनुभवी डोळेही फसले. जवानांनी पाहिले ते खोटे नव्हते, अर्थ चुकीचा लावला गेला होता. तो दुरुस्त करायला योग्य नोंदी आणि योग्य माणसे, एवढेच लागले.

आणि परग्रहावरच्या जीवाचा दावा कसा तपासावा, याचा वस्तुपाठ तर मराठी माणसाच्या घरचा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत भरून आणली. एक नळकांडे मुद्दाम बंदच ठेवले होते. त्यात जंतू निघाले, तर ते जमिनीवरूनच गेले असे समजावे, यासाठी. नमुने एकाच प्रयोगशाळेत न देता हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था, अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले. बॅक्टेरियाच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. त्यांतल्या एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटांचे नाव मिळाले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा इस्रोने स्पष्ट म्हटले, की या प्रजाती पृथ्वीबाहेरून आल्या असे यावरून सिद्ध होत नाही, पुढे संशोधन व्हावे. नारळीकरांना स्वतःला ती शक्यता मनापासून मोलाची वाटत होती. तरीही पद्धत, नमुने आणि मर्यादा सगळे उघड्यावर ठेवले गेले. ज्याला शंका असेल त्याने तपासावे. सात दशकांच्या अमेरिकी तबकडीकथेत नेमकी हीच गोष्ट कधी घडलेली नाही. शपथा झाल्या, मुलाखती झाल्या, चित्रपट निघाले. पण दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी तपासावा असा सर्वमान्य नमुना आजवर टेबलावर आलेला नाही.

म्हणून उघड करा ही मागणी सोडून द्यायची नाही, ती नेमकी करायची. सरकारने परग्रहवासी कबूल करावेत, या मागणीला शेवट नाही, कारण नकार मिळाला तरी तो लपवाछपवीचाच पुरावा मानला जातो. त्याऐवजी तीन गोष्टी मागता येतात आणि त्या मिळाल्या की नाही हे मोजताही येते. पहिली, गुपिताला मुदत हवी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या रडारची क्षमता लपवून आज कोणाचे संरक्षण होत नाही. मुदतीनंतरही फाईल बंद ठेवायची असेल, तर कारण देण्याची जबाबदारी सरकारवर असावी आणि ते कारण तपासणारे मंडळ त्या खात्याबाहेरचे असावे. दुसरी, चित्रफितीसोबत आकडे हवेत. कॅमेऱ्याची कमाल क्षमता सांगू नका, पण उंची, कोन, अंतर आणि वेळ द्या. तेवढ्यावर बहुतेक कोडी सुटतात. तिसरी, जे पाहिले ते सांगणाऱ्या वैमानिकाला नोकरीची किंवा टिंगलीची भीती नको. त्याने पाहिलेला ठिपका फुगा असला, तरी विमानाच्या इंजिनासमोर आलेला फुगा ही प्रवाशांच्या जिवाशी गाठ आहे.

आणि मागणाऱ्यांनीही एक पथ्य पाळायला हवे. सरकार काय लपवते असे विचारताना नजर आकाशाकडे लावण्याआधी आपल्या पाण्याकडे, दुधाकडे, हवेकडे वळवावी. कारखान्याच्या सांडपाण्याची तपासणी, औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष, साथीत मेलेल्यांची संख्या, अशी गुपिते कोणत्याही देशात असू शकतात. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत, त्यांचे उत्सव भरत नाहीत. ती दिसायलाही किरकोळ असतात: एखादा तक्ता, एखादी न छापलेली आकडेवारी. न्यू मेक्सिकोतल्या त्या छपरांवर पडलेली राखही तशीच किरकोळ दिसत होती. लोकांनी ती झटकली आणि गाईचे दूध काढायला घेतले.